टोपीखालचा माणूस

"तिन्ही विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही," मावशी म्हणाल्या होत्या, आणि मी हो हो म्हणत मोबाइलवर पाळणाघराचा मेसेज वाचत होते. मावशी म्हणजे माझ्या आधी बावीस वर्षं या खुर्चीवर बसलेली बाई. कास्टिंगच्या ऑफिसात नट येतो, कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, आणि त्याच्या समोरच्या पात्राचे संवाद कॅमेऱ्यामागून कोणाला तरी वाचावे लागतात. ते कोणीतरी म्हणजे मावशी, आणि आता मी. गुडघे गेले म्हणून त्या लेकीकडे दुसऱ्या गावी निघाल्या होत्या, आणि जाता जाता मला सगळं दाखवत होत्या: दिव्याचं बटण कुठलं अडकतं, कुठल्या हार्ड डिस्कवर कुठलं वर्ष, पंखा कधी बंद करायचा. आणि हे तीन प्रश्न. जेवलास का. घरी कसा जाणार. घरी कोण आहे. 'कट' झालं की प्रत्येकाला विचारायचे, आणि उत्तरं येईपर्यंत कॅमेरा चालूच ठेवायचा, कारण लाल दिवा विझला की माणसाला वाटतं आपल्याला घालवताहेत. "आत्ता रडवलंस ना त्याला? मग परत माणसांत आणून सोड. तसाच रस्त्यावर सोडलास तर जाईल एखादा गाडीखाली." मला तेव्हा हसू आलं. जुन्या बायकांच्या सवयी असतात ना, उजवा पाय आधी टाकायचा वगैरे, तसलं काहीतरी वाटलं. चार दिवस केलंही मी. पाचव्या दिवशी पस्तीस नट आले. पस्तीस जणांचं जेवण विचारायचं म्हणजे तास गेला, आणि पाळणाघर साडेपाचला बंद. पाच पस्तीसला पोचलं तर तिथल्या बाई माझ्या लेकीला बूट घालून दारातल्या स्टुलावर बसवून ठेवतात. नुसतं घड्याळाकडे बघतात. सहाव्या दिवसापासून मी 'कट' म्हटलं की 'थँक्यू, कळवतो' म्हणायला लागले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

आणि गेल्या आठवड्यात, गुरुवारी, एका नटाचा मोबाइल सारखा बंद लागत होता म्हणून मी त्याच्या फॉर्मवरचा दुसरा नंबर फिरवला आणि माझ्याच टेबलावरचा फोन वाजला. तो जुना, तारेचा, क्रीम रंगाचा फोन. त्यावर कोणी फोन करत नाही, आम्ही त्याच्यावर बिलांची क्लिप ठेवतो. कानाशी मोबाइल, समोर हा थरथरतोय, क्लिप त्याच्याबरोबर थरथरतेय. दोन-तीन रिंग होईपर्यंत मला काही कळलंच नाही. मग कळलं. फॉर्मवर शेवटचा रकाना असतो: अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. तिथे त्याने आमच्या ऑफिसचा नंबर लिहिला होता. नात्याच्या जागी नुसती रेघ. मी रिसीव्हर उचलला. का उचलला, देव जाणे. दोन्ही कानांत माझाच श्वास ऐकू आला.

त्याला शोधायचं कारण साधं होतं. त्याला काम मिळालं होतं. मालिका खाजगी गुप्तहेराची, जुन्या धाटणीची: लांब कोट, टोपी, धुरकट काचेचं दार, खणात बाटली, आणि एकूण जगाचा कंटाळा आलेला चेहरा. सरांनी, म्हणजे आमच्या कास्टिंग डायरेक्टरनी, दीड महिना नट बघितले. टोपी एकच आणली होती, सगळ्यांसाठी. दर तिसऱ्या कपाळानंतर ती आतून लेकीच्या ओल्या वाइप्सनी पुसायची हे माझं काम, त्यामुळे त्या गुप्तहेराच्या टोपीला शेवटी शेवटी तान्ह्या बाळासारखा वास यायला लागला. आणि नट तरी कसले! दात इतके पांढरे, की टोपीची सावली पडूनही चमकायचे. एकाच्या मनगटावरच्या घड्याळाने भर संवादात सांगितलं, उठून थोडं चाला. एकाने विचारलं, सिगरेट मी ओढत नाही, पण खिडकीशी उभं राहून स्ट्रेच केलं तर तोच मूड येईल का. सगळ्यात जास्त ज्याचं नाव चालत होतं, त्याला आम्ही आपसांत जिमवाला म्हणायचो. कोट घातला की खांद्याची शिवण कुरकुरायची. थकून खुर्चीत बस म्हटलं की असा बसायचा, जणू सूर्यनमस्कार घालून आलाय आणि आता सरबत मागणार. सर डोकं धरून बसले. "अहो, सगळे आठ तास झोपलेत! मला एक न झोपलेला आणून द्या कोणीतरी." आम्ही सगळे हसलो. मीही. मी तर जरा जास्तच, कारण लेकीला दाढा येत होत्या आणि खोलीतली न झोपलेली मीच होते.

तो आला तो बुधवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते, म्हणजे माझ्या हिशेबाने दिवसाची सगळ्यात वाईट वेळ. यादीत त्याचं नाव नव्हतं. चेहरा मात्र सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कोणाला आठवत नाही असा. वीसेक वर्षं जाहिरातींत बाप झालेला माणूस. टूथपेस्टचा बाप, विम्याचा बाप, मुलीच्या सायकलमागे धावणारा बाप. ऑफिसात त्याला सगळे बाबाच म्हणायचे. उंची सहा फुटांना दोन बोटं कमी, डाव्या भुवईत खाच, पांढरा शर्ट. फॉर्म भरताना त्याने माझं पेन घेतलं आणि परत देताना टोपण नीट लावून दिलं. हे मला आठवतं, कारण कोणी लावत नाही. टोपी डोक्यावर ठेवली आणि मॉनिटरमध्ये बघणाऱ्या सरांची पाठ सरळ झाली. मला पाठीवरूनच कळतं. त्या माणसाने काही केलंच नव्हतं. कोट त्याच्या अंगावर लोंबत होता आणि वाटत होतं, तो याच कोटात झोपून उठलाय.

प्रसंग असा, की बाई गुप्तहेराकडे येते, नवरा तीन आठवडे घरी आलेला नाही. बाईचे संवाद मी वाचते. लेखकाने गुप्तहेराच्या तोंडी भारी वाक्यं घातली होती, शहर माणसं गिळतं वगैरे, आणि आतापर्यंतच्या प्रत्येकाने ती जबडा आवळून म्हटली होती. मी म्हटलं, "माझा नवरा हरवलाय. तुम्हीच शोधू शकाल." त्याने कागदाकडे बघितलंही नाही. मग खालच्या आवाजात, जवळजवळ लाजत, म्हणाला, "निघताना जेवला होता?" हे कागदावर नव्हतं. मी गडबडले, पण नट भरकटला तर आपण सोबत जायचं असतं, म्हणून म्हटलं, "नाही... माहीत नाही." "घरी कसा येणार होता?" "बसने बहुतेक." "आणि घरी कोण असतं?" मी कागदावर शोधत राहिले. कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं, त्याने बघितलं. कॅमेऱ्याच्या जरा वर, म्हणजे माझ्याकडे. त्याचे डोळे लाल होते, कडा सोललेल्या. "घरी कोण असतं, बाई?" सर बोटांनी मला खुणावत होते, थांबू नको, चालू दे, सोनं आहे. मी म्हटलं, "कोणी नाही." त्याने मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं, आणि टोपी थोडी पुढे ओढली.

सर टाळ्या वाजवत पुढे आले. एरवी ते खुर्ची सोडत नाहीत. "बाबा, कुठे होतास रे तू? हे बघ, पंधरा दिवसांत निर्मात्यांना दाखवतो. तोवर लूक सांभाळ. अस्साच राहा. झोपू नकोस, खाऊ नकोस, दाढी करू नकोस!" तो हसला. गालाला खड्डा पडला, जाहिरातीतला. "सांभाळतो की. त्यात काय अवघड आहे?" सर हसले, दिव्यावरचा माणूस हसला, मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. मी त्याच्या शीटवर लिहिलं: थकवा खरा वाटतो. स्वतःची वाक्यं घालतो, छान. 'छान'खाली रेघ मारली. तोवर तो दाराशी जाऊन उभा राहिला होता. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती, तरी उभा. मला वाटलं टोपी द्यायची विसरला. मी म्हटलं, "टोपी राहिली." "हो, हो," म्हणत त्याने ती काढून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. तरी तो हलला नाही. मी म्हटलं, "थँक्यू, कळवतो." मग गेला. टोपी आतून ओली होती. मी वाइपने पुसली. पाच एकतीसला मी पाळणाघरात होते, आणि बाईंनी रोजच्यासारखं माझ्या कडेवर लेक देताना सांगितलं: वरणभात अर्धा खाल्ला, दीड तास झोपली, दुपारी एकदा रडली. रोज तीन गोष्टी सांगतात, वहीतून वाचून. एक राहिली तर मी रस्ता अर्धा झाल्यावर परत फिरून विचारून येते. नवरा म्हणतो, तू म्हणजे सीमेवरची चौकी आहेस, कागद बघितल्याशिवाय पोरीला घरात घेणार नाहीस.

नवरा पुलांची तपासणी करतो. कुठल्याही खांबाला भेग दिसली की तिच्या दोन टोकांशी पेन्सिलीने रेघा मारायच्या आणि शेजारी तारीख लिहायची. भेग असणं वाईट नाही म्हणतो, सगळ्यांनाच असतात. वाढतेय का, हे बघायचं. लग्नाआधी मला हे फार काव्यमय वाटलं होतं. आता तो बाथरूमच्या भिंतीवरही तारखा टाकतो. पण त्या गुरुवारी तो फोन वाजल्यानंतर मला त्याच्या पेन्सिलीचीच आठवण झाली, आणि मी मावशींच्या हार्ड डिस्क काढल्या. शुक्रवारची दुपार, सर बाहेर, ऑडिशनच्या खोलीत मी एकटी, भिंतींवर तो काळा स्पंज, जो आपला आवाजही परत देत नाही. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात त्याचं नाव शोधत गेले. बाप, बाप, डॉक्टर, शेजारी, बाप. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी 'कट', आणि मग मावशींचा कॅमेऱ्यामागचा आवाज, तपकीर ओढल्यासारखा, घोगरा. "जेवलास का रे?" "बायकोने डबा दिलाय, मावशी. भोपळा आहे, तुम्ही खाता का?" पुढच्या वर्षी: "घरी कोण आहे?" "आई आलीय राहायला. दोघींचं जमत नाही, मी मधल्या मध्ये." नंतर एकदा: "बायको सध्या तिच्या भावाकडे आहे." 'सध्या' तीन तुकड्यांत आहे, मग नाही. "आई आहे." "आई आहे, पण ओळखत नाही मला, वकील समजते. बरं वाटतं जरा, मान देते." मावशींचं हसू, त्याचंही. मग एका तुकड्यात तो फक्त मान हलवतो, आणि मावशी म्हणतात, "कधी रे?" आणि मग नुसता पंखा ऐकू येतो. शेवटचा तुकडा मावशी जायच्या आधीचा, सव्वा वर्षापूर्वीचा. "घरी कोण आहे?" "कोणी नाही. एक कुंडी आहे. तिला सांगून आलोय." प्रत्येक तुकड्यात शर्टाची कॉलर आणि मान यांतली जागा वाढत गेली आहे. मी पेन्सिल घेऊन बसायचंच बाकी होतं.

त्यानंतरचा तुकडा माझा, त्या बुधवारचा. 'कट'नंतर चार सेकंद आहेत, कारण त्या दिवशी माझा हात बटणापर्यंत उशिरा पोचला. चार सेकंदांत तो कॅमेऱ्याच्या वर बघतो. ओठ थोडे उघडे. उत्तर तयार करून आलेला माणूस कसा दिसतो ते मला कॉलेजच्या तोंडी परीक्षांपासून माहीत आहे. मीही तशीच उभी राहायचे, पाठ केलेलं सगळं जिभेच्या टोकावर, आणि बाहेरचे परीक्षक दुसऱ्याच कोणाशी बोलताहेत. भर प्रसंगात त्याने मला तिन्ही प्रश्न ऐकवले होते, म्हणजे मला आठवावं म्हणून. आणि मी 'छान'खाली रेघ मारली.

फॉर्मवरच्या पत्त्यावर शनिवारी गेले, लेकीला कडेवर घेऊन, कारण शनिवारी पाळणाघर नसतं. तिसरा मजला, दाराला नवा रंग. दार उघडलं ते नवीन लग्न झालेल्या मुलीने. त्यांना तिथे येऊन तीन महिने झालेत. "त्यांची पत्रं येतात अजून, देऊ का तुम्हाला? तुम्ही सून का त्यांची?" मी नाही म्हटलं. खाली लाँड्री आहे. लाँड्रीवाल्याने नाव ऐकून ओळखलं नाही, भुवईतली खाच म्हटल्यावर ओळखलं. "ते टूथपेस्टवाले! दर गुरुवारी येतात. घर सोडलं तरी कपडे इथेच. कपडे म्हणजे काय, एक शर्ट द्यायचा, एक घालून जायचा. मी म्हणायचो, साहेब, तिसरा घ्या, मीही जगेन." त्याने मागच्या दांडीवरून एक पांढरा शर्ट काढला. चिठ्ठीवरची तारीख आमच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशीची. "हा पडून आहे. तीन गुरुवार झाले, आले नाहीत. घेऊन जाता?" लेकीने हात पुढे केला, तिला प्लॅस्टिकचा आवाज आवडतो. मी तिचा हात धरला. तो शर्ट घेतला असता तर तो न्यायला कोणी येणार नाही असं मीच ठरवल्यासारखं झालं असतं. म्हटलं, राहू दे, ते येतील. "कुठे राहतात आता?" "इथेच कुठेतरी. चालत यायचे. लांब नसणार, धापा टाकत नव्हते." मग स्वतःच थांबला. "शेवटी शेवटी टाकत होते जरा."

पोलीस चौकीत टेबलामागच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, लेकीला रबरी शिक्का खेळायला दिला. "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "मी समोरचे संवाद वाचते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?" त्यांनी नोंद करून घेतली, नातेवाईक असेल तर घेऊन या म्हणाल्या, मोठी माणसं जातात कुठे कुठे, येतात. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलत होते ते सगळं प्रसंगातल्या बाईचं बोलणं होतं, जवळजवळ शब्दशः, आणि टोपी घालून मान हलवणारं समोर कोणी नव्हतं.

सोमवारी सरांना सांगितलं. ते वाईट नाहीत. त्यांनी स्वतःच्या फोनवरूनही चार वेळा त्याचा नंबर लावून बघितला. "अगं, नट आहेत, गायब होतात. कुठे शूटिंगला गेला असेल." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी त्याला झोपू नको म्हटलं होतं, नाही?" मी हो म्हटलं. "गमतीत म्हटलं होतं." "हो, सर." मंगळवारी निर्मात्यांनी जिमवाल्याला घेतलं. बुधवारी त्याची मेकअप टेस्ट झाली. डोळ्यांखाली काळं करायला पाऊण तास लागला. मेकअपवाली सारखी म्हणत होती, हलू नका हो, हसू नका, सुरकुती पडू दे. आरशातून तो मला म्हणाला, "ताई, थकल्यासारखं वाटतंय ना?" मी म्हटलं, वाटतंय. त्याची काही चूक नव्हती. जेवलास का, विचारलं मी त्याला. तो दचकला. "बारा वाजता प्रोटीन घेतलं," म्हणाला, आणि मग घरी आई आहे आणि ती वाट बघत बसते हेही सांगून टाकलं, न विचारता.

आणि मग काल मावशींचा फोन. कोणीतरी त्यांना कळवलंच. "सापडत नाहीये म्हणे बाबा? मला सहा महिन्यांत फोन नाही त्याचा. तुझ्याकडे आला होता ना? तिन्ही विचारलेस?" लेक जमिनीवर बसून टोपीत चमचे भरत होती, ती टोपी मी घरी आणली आहे, का ते कोणी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "विचारले, मावशी." "काय म्हणाला?" मागे वळायला जागाच उरली नाही. "जेवलो म्हणाला." "आणि?" "चालत जाईन म्हणाला." "आणि घरी?" मी टोपीकडे बघितलं. "कुंडी आहे म्हणाला." मावशी पलीकडे हसल्या, इतक्या सुटल्यासारख्या हसल्या. "मग बरा आहे गं. कुंडी आहे म्हणतोय तोवर बरा आहे तो." फोन ठेवल्यावर मी लेकीच्या नाकाखाली बोट धरलं. ती जागी होती, चमचा चावत होती, माझ्याकडे बघत होती. तरी धरलं. रोज धरते. गरम हवा बोटाला लागली.

म्हणून हे लिहिते आहे. मावशींच्या हाती पडलं तर त्यांनाही कळेल की मी खोटं बोलले, कळू दे. पण आधी तुम्ही. तो लाँड्रीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो, म्हणजे कोणाच्या तरी जिन्यात राहतो, म्हणजे तुमच्याही असू शकतो. उंच आहे, खांदे थोडे पुढे, डाव्या भुवईत खाच, पांढरा शर्ट, आता एकच. तीन-चार महिन्यांपूर्वी थोडं सामान घेऊन एकटा आला असेल, हातात कुंडी असेल. चेहरा बघून तुम्हाला वाटलं असेल, यांना कुठेतरी पाहिलंय. इतक्यात दिसला नसेल, तर आज जा. दार वाजवा, आणि लगेच उघडलं नाही म्हणून परत फिरू नका, पुन्हा वाजवा, शेजाऱ्यांना बोलवा. उघडलं तर काम मिळालं होतं हे सांगू नका, ते आता दुसऱ्याकडे गेलंय. शर्ट तयार आहे एवढं सांगा. मग तिन्ही विचारा. तो हसून काहीतरी भलतंच सांगेल, गालाला खड्डा पडेल, त्यावर जाऊ नका. उत्तर येईपर्यंत दारातच उभे राहा.